माझ्या रजेतले वानखडे सर

बायकांच्या बाळंतपणावर ज्यांचा संसार चालायचा, असे एक गृहस्थ मी पाहिले आहेत. ते डॉक्टर नव्हते की वैद्य नव्हते. बुलढाण्याच्या आमच्या मुलींच्या शाळेत ते भूगोल शिकवत. महादेव वानखडे त्यांचं नाव. त्यांच्याविषयी लिहायचं मी इतकी वर्षं टाळत आले, कारण त्यांची आठवण आली की मला आधी लाज वाटते आणि मग बाकीचं आठवतं.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. आमचे कागद आधी नागपूरला जायचे, ते त्याच्या काही वर्षं आधीपासून मुंबईला जाऊ लागले होते. शाळेत जे काही अडलेलं असेल त्याला 'मुंबईहून मंजुरी यायची आहे' असं एकच उत्तर मिळे. वानखडे सर त्या मंजुरीत अडकलेले होते. ते अर्धवेळ शिक्षक. शाळा अकराला भरायची. मधल्या सुट्टीपर्यंतचे तास त्यांचे आणि पगार अर्धा. सुट्टीची घंटा झाली की आम्ही बाकीचे डबे उघडायचो आणि सर खुंटीवरची टोपी घालून निघायचे. बी.ए., बी.टी. झालेला, तिशीतला, धडधाकट माणूस. दुपारी राबायची त्यांची कधीही तयारी होती, पण त्यांची दुपार कोणाला नको होती.

मी त्या शाळेत आले ती पूर्णवेळ म्हणूनच. सर माझ्या आधीपासून तिथे होते. शिक्षण माझ्याइतकंच, शिकवणं माझ्याहून कितीतरी सरस. पण मुलींच्या शाळेत बाईच बरी असं शाळेच्या कमिटीचं म्हणणं पडलं. शिवाय कमिटीतले एक वकील माझ्या सासऱ्यांबरोबर रोज सकाळी फिरायला जात. हे दुसरं कारण कोणी बोलून दाखवलं नाही, सरांनीही नाही. पहिल्या दिवशी त्यांनीच मला सगळ्या वर्गखोल्या दाखवल्या. "आठवीत खिडकीपाशी उभ्या राहू नका बाई, पोरी तुमच्याकडं कमी अन् बाहेर जास्त पाह्यतात," असं बजावलंही. मला ते फार भले वाटले. ज्या जागेची ते वाट पाहत होते ती मला मिळाली आहे, हे मला पुढे महिन्याभराने शाळेच्या शिपायाकडून कळलं.

वर्गात सर पुस्तकातलं मराठी बोलत आणि शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकलं की वऱ्हाडी. शिपाई चहा घेऊन आला की ते हात आडवा करत. "मले अर्धाच दे रे बाप्पा. अर्ध्या माणसाले पुरा कप शोभत नाही." सगळे हसत. दुसऱ्याने आपल्याला हसण्याआधी आपणच हसून घ्यायचं, ही त्यांची युक्ती होती. ती मला कळायला उशीर लागला, तोवर मीही सगळ्यांबरोबर खुशाल हसून घेतलं.

दुपारचं काय करायचं, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. कचेरीतल्या दोन कारकुनांबरोबर ते एका खोलीत राहत. पण घरमालकीण दारातच डाळ-तांदूळ निवडत बसलेली असे आणि तिला सगळं विचारायची सवय. "मास्तर, आज लवकर?" हा प्रश्न त्यांना सहन होत नसे. बाजारातून जावं तर मुलींचे बाप भेटत. शिकवण्या घ्याव्यात तर अर्ध्यावेळच्या मास्तराकडे पोरगी कोण पाठवणार? त्या शिकवण्याही आम्हा पूर्णवेळवाल्यांकडेच येत. म्हणून सर शाळेतून निघताना जगाचा एक जुना, फाटका नकाशा गुंडाळून काखेत घेत. नकाशा घेतलेला मास्तर भर दुपारी रस्त्यात दिसला तरी तो कामावरच आहे असं लोकांना वाटतं. कोणी विचारलंच तर "जरा शिक्षणखात्यात जाऊन येतो" म्हणायचं आणि पुढे व्हायचं. शिक्षणखात्याच्या पुढे होतं कोर्ट. सर कोर्टाच्या व्हरांड्यात जाऊन बसत. "कोर्टात बसलेल्या माणसाले कोणी इचारत नाही बाई, काऊन बसला म्हणून," असं त्यांनी मला पुढे कधीतरी हसत सांगितलं. शेताच्या बांधापासून मारामारीपर्यंतचे खटले ते तिथे बसून ऐकत आणि शाळा सुटायच्या वेळेला, मुलींच्या लोंढ्यातून, खोलीवर परतत.

त्यांचं हे कोर्टात बसणं एकदा चांगलंच अंगाशी आलं.

सरांचं गाव वरवट बकाल. शेती थोरल्या भावाकडे, गणपतरावांकडे. सरांची बायको शांताबाई आणि लहान मुलगी उषा त्याच घरात राहत. बुलढाण्यात खोली मिळत नाही म्हणून बिऱ्हाड आणत नाही, असं सरांनी घरी सांगून ठेवलेलं. अर्ध्या पगारात बिऱ्हाड होत नाही, हे त्यांना भावाला सांगवलं नव्हतं. बाप गेल्यावर ह्या भावानेच त्यांना शिकवलं होतं. गावातली काही माणसं कामासाठी कोर्टात आली, त्यांनी सरांना तिथे पाहिलं. एकदा नाही, जेव्हा जेव्हा आली तेव्हा तेव्हा. बातमी गावात गेली ती अशी, की धाकट्याने थोरल्यावर वाटणीची केस टाकली.

मधली सुट्टी होती. धोतर, टोपी, हातात छत्री असा एक उंच शेतकरी फाटकातून तरातरा आत आला आणि मैदानात उभा राहून ओरडला, "महादू! बाहेर ये बे!"

सर टोपी घालून निघतच होते. ते पायऱ्यांवर थबकले.

"काय झालं, दादा?"

"मले इचारतं काय झालं म्हणून? तू रोज कोर्टात जाऊन राह्यला म्हणते लोकं. माह्यावर केस टाकून राह्यला का तू? बापाच्या मागं तुले शिकवलं, ते याच्यासाठी?"

"दादा, हळू बोल."

"काऊन हळू बोलू? तुह्या पोरीची शपथ घेऊन सांग, कोर्टात जात नाही म्हणून."

"जातो. पण केस नाही टाकली. मी तिथं नुसता बसतो."

"नुसता? कोर्टात?"

सरांनी एकदा आमच्याकडे पाहिलं. आम्ही सगळे हातात डबे घेऊन दारात उभे होतो, वरच्या खिडक्यांत मुलींची गर्दी. कोणालाही आत जायचं सुचलं नाही, मलाही नाही.

"दुपारी मले कामच नसते, दादा," सर म्हणाले. "माही नोकरी अर्धी हाय."

"अर्धी म्हंजे?"

"अर्धी म्हंजे अर्धी. पगारही अर्धाच."

 गणपतराव पायरीवर खाली बसले, टोपी काढून तिनेच तोंड पुसलं आणि म्हणाले, "जेवला का तू?"

त्या प्रश्नावर सर मान खाली घालून उभे राहिले, आणि मी तेव्हा कुठे दारातून मागे सरले.

भावाने राग धरला नाही, पण गावात सगळं बदललं. तोवर शांताबाई त्या घरातली मास्तरीण होती. नवऱ्याला सरकारात पगार, आज ना उद्या ती बुलढाण्याला जाणार, म्हणून घरच्या बायका तिला जपून असत. नोकरी अर्धी आहे हे कळल्यावर तिला शेतात निंदणाला पाठवू लागले आणि ताटात वाढताना बोलणं ऐकवू लागले. गणपतराव शेतावर, त्यांना ह्यातलं दिसत नव्हतं, किंवा दिसूनही घरच्या बायकांपुढे त्यांचं चालत नव्हतं. हे सगळं मला पुढे, आमची ओळख झाल्यावर, शांताबाईंनीच सांगितलं. ती ओळख व्हायचं कारण म्हणजे माझं बाळंतपण.

शाळेतली कोणी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली की तिचे तास वानखडे सरांना मिळत आणि तेवढ्या महिन्यांपुरते ते पूर्णवेळ होत, पूर्ण पगारावर. शाळेत बायका बऱ्याच, पण बहुतेक वयस्क, दोघी-तिघी लग्न न झालेल्या. राहिले मी आणि शिवणाच्या बाई. एखादीला सकाळी मळमळलं की शिक्षकांच्या खोलीत कोणीतरी म्हणायचंच, "वानखडे सर, तुमचं काम झालं हो!" शिवणाच्या बाई लाजून लाल होत आणि सर उठून व्हरांड्यात जात. एवढ्या मोठ्या माणसाने बायकांच्या पोटाकडे लक्ष ठेवून जगावं, ह्याची त्यांना किती लाज वाटे ते त्यांच्या वागण्यावरून कळे. दिवस गेलेल्या बाईशी ते कधी समोर पाहून बोलत नसत. माझ्याशी त्या काळात बोलले ते भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत.

आणि तरी रजा सुरू झाली की तोच माणूस हातभर उंच झाल्यासारखा वाटे. शिपायाला म्हणे, "आज पुरा कप दे." नकाशा भिंतीवर लटकलेला राही. आणि पहिल्या आठवड्यातच मलकापूर रस्त्याला एका शिंप्याच्या घरामागची खोली भाड्याने घेऊन ते शांताबाईंना आणि उषाला आणत. माझा मुलगा झाला तेव्हा आणलं, मुलगी झाली तेव्हा आणलं. रजा संपली की खोली सोडायची आणि दोघींना पुन्हा वरवटला पोचवायचं. घरी आमचे हे म्हणत, "आपल्याकडे पाळणा हलला की वानखड्यांकडे चूल पेटते." ते कचेरीत हेडक्लार्क, दोन पगारांचं आमचं घर, हसायला काय जातं? मी हसलेसुद्धा. पण नंतर चहाचा पुरा कप समोर आला की मला ते वाक्य आठवायचं आणि कसंतरी व्हायचं.

मुलीच्या वेळी शांताबाई मेथीचे लाडू घेऊन मला भेटायला आल्या. सावळ्या, काटक, बोलायला मोकळ्या. माझ्या मुलीला मांडीवर घेऊन म्हणाल्या, "लेकीनं तुमच्या मले गावातून सोडवलं बाप्पा. हिले काय देऊ अन् काय नाही असं झालं." मग त्यांनी त्यांची खोली कशी लावली आहे ते सांगितलं. एक फळी, तिच्यावर डबे, खिडकीला जुन्या लुगड्याचा पडदा. सर शाळेतून आले की तिघं एकत्र जेवतात, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. माझ्या घरी हे रोजचंच होतं, त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला मला दिवस गेले तेव्हा माझ्या सासूबाईंच्याही आधी सरांना कळलं असावं. ते पुन्हा घड्याळाकडे पाहून बोलू लागले. ह्या वेळी मी रजा मोठी घेतली होती आणि तिला जोडून पुढे उन्हाळ्याची सुट्टी. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, सरांना म्हणाल्या होत्या की एवढे महिने सलग काम झालं तर कमिटीपुढे तुमचा विषय मांडायला मला तोंड राहील. सरांनी खोली घेतली, उषाचं नाव जवळच्या प्राथमिक शाळेत घातलं आणि ह्या खेपेला पितळी घागर आणली. तात्पुरत्या बिऱ्हाडात माणूस घागर आणत नाही. ती परत न्यावी लागणार नाही अशी त्यांना आशा होती.

माझं मूल पोटातच गेलं.

त्याबद्दल इथे मी फार लिहिणार नाही. मी दवाखान्यातून रिकामी घरी आले. पाळणा माळ्यावरून काढून, धुऊनपुसून ठेवलेला होता. तो परत चढवायचा कोणी, ह्यावर घरात कोणी बोलत नव्हतं. रजा मुलासाठी होती, मूल नव्हतं तेव्हा ती आखडली. विश्रांती हवी तर पुढे बिनपगारी वाढवून मिळणार होती. सासूबाईंचं म्हणणं, वाढवून घे. आणि माझ्याही मनात आलं होतं, की मी वाढवली तर वानखडे सरांचे महिने तरी पुरे होतील. पण त्या घरात दिवसभर बसणं मला होत नव्हतं.

अशात एका संध्याकाळी सर आणि शांताबाई भेटायला आले. शांताबाई आत येऊन माझ्याजवळ बसल्या, माझा हात धरला आणि रडल्या. मीही रडले. सर उंबऱ्याशीच, भिंतीला टेकून बसले होते. सासूबाई शांताबाईंना चहाला म्हणून आत घेऊन गेल्या तेव्हा ते एकदम म्हणाले, "बाई, एक सांगतो. ते सांगितल्याबिगर मले तुमच्या घरात बसवत नाही."

मी म्हटलं, "सांगा."

"शिपाई निरोप घेऊन आला तवा मी तुमच्याच वर्गावर होतो. त्यानं सांगितलं अन् माह्या मनात पह्यला इचार खोलीचा आला. आता खोली सोडा लागंल, हा. लेकराचा इचार त्याच्या मागून आला." त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. "मले माहीच शरम वाटून राह्यली. मी रडतो बाई, पण कोणासाठी रडून राह्यलो ते मले सांगता येत नाही."

कोणी दुसऱ्याने हे सांगितलं असतं तर मी त्याला घरातून जा म्हटलं असतं. त्यांचा मला राग आला नाही. माझं मूल गेल्यापासून माझ्याशी इतकं खरं तोवर कोणी बोललंच नव्हतं. सगळे देवाची मर्जी म्हणत होते.

मी म्हटलं, "सर, मी रजा वाढवते. तुमचे महिने पुरे होऊ द्या. मोठ्या बाई कमिटीत बोलणार आहेत ना?"

ते ताडकन उठले. इतक्या वर्षांत मी त्यांना चढ्या आवाजात बोलताना पहिल्यांदा ऐकलं. "नाही बाई! मले पुरा पगार मिळावा म्हणून तुम्ही त्या पाळण्यापाशी बसून राहाल? ते अन्न माह्या घशाखाली उतरंल का? तुम्ही शाळेत या. पोरींमंधी या. दोन दिवस रडसाल, मग शिकवसाल." मग आवाज खाली आला. "माह्यासाठी कोणी घरी बसू नये. कोणाची तब्येत बिघडू नये, कोणाचं वाईट होऊ नये. हे मी रोज देवाले सांगतो बाई. पण सांगा लागते, हेच खराब हाय."

मी शाळेत गेले. खरं सांगायचं तर त्यांनी 'या' म्हटलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि त्या सुटकेची लाज मला अजून वाटते. माझा हक्कच होता, नोकरी माझी होती, सगळं कायद्याने बरोबर होतं. बरोबर असूनही ते तसंच वाटतं, त्याला माझा इलाज नाही. पहिल्या दिवशी सरांनी मला वर्ग सोपवला, कुठपर्यंत शिकवलं ते सांगितलं. मधल्या सुट्टीची घंटा झाली आणि त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली. शिपाई चहाचा पुरा कप घेऊन आला होता. त्यांनी हात आडवा केला, पण ह्या वेळी ते काही बोलले नाहीत आणि कोणी हसलंही नाही.

मोठ्या बाईंनी कमिटीत विषय काढला नाही. सलग महिने झालेच नव्हते, काढायचा कशाच्या जोरावर? त्याच उन्हाळ्यात ह्यांची बदली अमरावतीला झाली आणि आम्ही बुलढाणा सोडलं. माझ्या जागेवर कोण आलं ते मला कळलं, ते वानखडे सर नव्हते. पुढे त्यांचं काय झालं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही म्हणून माहीत नाही.

ते मला शेवटचे नीट आठवतात ते शांताबाई निघाल्या त्या दिवशीचे. मधल्या सुट्टीत मी मुद्दाम मोटारस्टँडवर गेले, वाटेत उषाला खायला म्हणून दशम्या बांधून घेतल्या होत्या. वरवटला जायला खामगावची गाडी लागली होती. सर टपावर चढून ट्रंक बांधत होते आणि शांताबाई खालून घागर वर देत होत्या. माझ्याकडे पाहून त्या हसल्या, दशम्या घेतल्या, "तब्येतीले सांभाळा" म्हणाल्या. निंदणाला जायचं होतं त्या बाईने मला हे सांगितलं.  उषा खिडकीची जागा मिळाली म्हणून खुशीत होती. सर खाली उतरले, हात झटकले आणि माझ्याजवळ येऊन उभे राहिले. ह्या वेळी ते माझ्याकडे पाहून बोलले. "बोथ्याच्या घाटात पोरीले गाडी लागते, दुसरं काही नाही," एवढंच म्हणाले.

गाडी सुरू झाली. उषाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि हात हलवत, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"बाई, तुमाले आता दुसरं बाळ केव्हा होईल?"

शांताबाईंनी तिला आत ओढलं. गाडी फाटकातून वळली आणि दिसेनाशी झाली. मी सरांकडे पाहिलं नाही, त्यांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे होतो आणि आजूबाजूला माणसं पुढच्या गाडीसाठी धावपळ करत होती.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "जा बाई, सुट्टी संपली असंल. मी थांबतो इथंच थोडा."

मी निघाले. दुपारचे तास माझे होते.